उतरलंय बाई पोरगं

हाफिजा खोटं बोलायची, आणि तेही माझ्या संमतीनं. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना मला स्वतःला बाजूला काढता येत नाही.

एकोणऐंशी साली गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात ती बालवाडी चालवायची. मी नर्स, महिन्यातून एकदा मुलांची वजनं बघायला जायची. तिचा नवरा निसार गवंडीकाम करायचा. पदरात एकुलती एक लेक, सुगरा. बालवाडीच्या आढ्याला स्प्रिंगचा काटा टांगलेला, त्याला झोळी. पण आया मुलांना आणीनात. "पोरगं म्हंजे काय गुळाची ढेप हाय व्हय तोलायला? नजर लागती!" मी चिडून लांबलचक व्याख्यान झोडलं. पालथ्या घड्यावर पाणी.

हाफिजानं वाद घातला नाही. ती खरं वजन गुपचूप वहीत लिहायची आणि नजर लागू नये म्हणून प्रत्येकीला मोठ्यानं म्हणायची, "उतरलंय बाई पोरगं!" आई काय ते ओळखायची. पोरानं बाळसं धरलंय म्हणून हसून कानशिलावर बोटं मोडायची. जे खरोखरच उतरलेलं असेल त्याच्या घरी हाफिजा त्याच संध्याकाळी जायची आणि आईला हळू आवाजात समजवायची. दोन महिन्यांत झोळीपुढं रांग लागली. मी तिची पाठ थोपटली, साहेबांपुढं कौतुकही केलं.

तानाबाईचा जोतीराम जोतिबाच्या नवसाचा, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला. वर्षाचा झाला आणि आईचं दूध आटलं. तेव्हापासून नुसती तांदळाची पेज. श्रावणात त्याला झोळीत ठेवलं, तर वजन किलोभर घटलेलं. गाल मात्र फुगलेले. हाफिजानं त्याच्या पायावर अंगठा दाबला, तसा तिथं खळगा पडला. ती सूज होती. तानाबाईला तेच बाळसं वाटत होतं.

"उतरलंय बाई पोरगं," हाफिजा म्हणाली.

तानाबाईनं हसून बोटं मोडली.

"अगं, खरंच उतरलंय. दवाखान्यात न्हे त्याला."

"व्हय की, न्हेते न्हेते," म्हणत तानाबाईनं रांगेतल्या बायकांकडं बघून डोळा मिचकावला. बायका हसल्या. पुढची आई झोळीपाशी आलीसुद्धा.

संध्याकाळी जायचं ठरलं होतं. पण हाफिजा घरी पोचली तर सुगरा तापानं फणफणलेली. चार दिवस ती लेकीच्या उशापासून हलली नाही. तोंडानं सांगितलंय, तानाबाईला कळलं असेल, असं मनाशी घोकत राहिली. पाचव्या दिवशी ती तानाबाईच्या दारात गेली. हगवण लागून जोतीराम गेला होता. आदल्या दिवशीच त्याला मूठमाती दिली होती.

हाफिजा उंबऱ्यातच खाली बसली. तानाबाई तिला एवढंच म्हणाली, "तू सांगितलंतंस की. मीच हासले."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तर कुणी काही विचारलंसुद्धा नाही. वहीतला आकडा बरोबर होता ना!

त्यानंतर हाफिजा खरं तेच आणि मोठ्यानं सांगू लागली. निम्म्या आयांनी येणं सोडलं. हिचीच नजर वाईट, असंही म्हणाल्या. तिनं ते ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी तानाबाई सात महिन्यांची मुलगी घेऊन आली. त्या दिवशी मी तिथंच होते.

"सात किलो," हाफिजा म्हणाली. "चांगली भरलीया."

तानाबाई हसली नाही. तिनं लेकीला झोळीतून काढलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. मग दुसऱ्या पायावर दाबला. तिथंही पडला नाही. पोर रडायला लागली तरी तानाबाई दाबतच राहिली.