कालव्यावरच्या दोघी

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले तरी मला पहाटे साडेपाचला जाग यायची. आंघोळ व्हायची, साडी नेसून व्हायची, वेणी घालून व्हायची आणि मग मी पलंगाच्या कडेला बसून राहायची. एकतीस वर्षं मी आरोग्य खात्यात नर्स होते. आधी पाथर्डीकडच्या गावांत, जिथली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि मला लसींचा डबा घेऊन पार फडापर्यंत बायका शोधत फिरावं लागायचं. शेवटची बारा वर्षं राहुरीजवळच्या उपकेंद्रात. लग्न झालं होतं, पण तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं दुसरं घर केलं. त्यावर मी तेव्हाच जे रडायचं ते रडून घेतलं. पुढे नोकरीनं मला कधी एकटं वाटू दिलं नाही.

एके सकाळी घरात बसवेना म्हणून फाटकाशी येऊन उभी राहिले. समोरच्या घरातल्या बाई त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायात बंद चप्पल. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि माझ्याआधी दोनच महिने निवृत्त झाल्या होत्या. यजमान कारखान्यात होते, ते वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पुण्याला. इतकी वर्षं समोरासमोर राहूनही आमचं बोलणं एसटीच्या थांब्यापुरतंच होतं.

"कुठं निघालात बाई?" मी विचारलं.

"कुठंच नाही. तुम्ही?"

"मीपण कुठंच नाही."

दोघींना हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "चला सिस्टर, तयार झालोच आहोत तर जाऊन तरी येऊ."

त्या दिवशी आम्ही मुळा धरणाच्या उजव्या कालव्यापर्यंत गेलो. पुढची सहा वर्षं रोज गेलो.

शेवटपर्यंत आम्ही एकमेकींना अहो-जाहोच केलं. त्या मला सिस्टर म्हणायच्या, मी त्यांना बाई. सहाला फाटकं वाजायची. कालव्याच्या भरावावरून पुलापर्यंत जायचं, पुलाच्या कठड्यावर दहा मिनिटं टेकायचं आणि परत. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं की पाणी काठोकाठ वाहायचं. बंद असलं की तळाशी प्लॅस्टिक आणि बगळे. वाटेत वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे आणि बाई ते मोठ्यानं वाचायच्या. "'हार्दिक'मधला रफार कुणी खाल्ला?" असं म्हणून त्या खरंच चिडायच्या. एकदा त्यांनी पर्समधून मार्कर काढून फ्लेक्सवरच्या कुणा पुढाऱ्याच्या नावावर वेलांटी दिली होती. मी आजूबाजूला बघत उभी, आणि बाई शांतपणे टोपण लावतायत.

येताना दूध घ्यायचं. वस्तीवरच्या मावशी कोपऱ्यावर कॅन घेऊन बसलेल्या असायच्या. मग बाईंच्या ओट्यावर चहा, पेपर, कोडं. आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. दुपारी जिच्या तिच्या घरी. संध्याकाळी भाजीची वाटी इकडून तिकडे जायची आणि दुसरी तिकडून इकडे यायची. दर सोमवारी मी माझं जुनं यंत्र घेऊन जायची आणि त्यांचं बीपी मोजायची. त्या दंड पुढे करून छताकडे बघत बसायच्या, परीक्षेला बसल्यासारख्या. "पास का?" असं विचारायच्या. मी "पास" म्हणायची.

नोकरीत असताना मला कुणी विचारलं असतं, तुझी मैत्रीण कोण, तर मला नाव सांगता आलं नसतं. निवृत्तीनंतर ती मला मिळाली.

गेल्या वर्षी श्रावणात, एका सोमवारी, बीपी मोजून झाल्यावर मी सवयीनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी सरळ चालत नव्हती. दोन ठोके घाईनं, मग थांबल्यासारखं, मग एकदम तीन. मी घड्याळ लावून पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

"बाई, धाप लागते का हल्ली?"

"जिना चढताना लागते. वयच झालं की."

"चक्कर?"

त्या ब्लाउजची बाही सारखी करू लागल्या. म्हणजे येत होती.

मी त्यांना लगेच आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, "नगरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. या आठवड्यातच. लांबवू नका." बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. रिक्षातून फाटकाशी उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"सिस्टर, हे पुण्याला कळू द्यायचं नाही."

"अहो, मुलाला सांगायला नको?"

"सांगितलं की तो गाडी घेऊन येईल. अकराव्या मजल्यावर नेऊन बसवील मला. मागच्या वेळी पंधरा दिवस राहिले तर खाली उतरायलासुद्धा कुणाला तरी विचारावं लागायचं. दिवाळीला तो येणार आहे, तेव्हा मीच सांगते. तोवर तुम्ही आहातच की."

मी "बरं" म्हणाले.

इथे मला थांबावंसं वाटतं, पण हे लिहायला बसले ते यासाठीच. एकतीस वर्षांत मी असल्या बायकांचं कधी ऐकून घेतलं नव्हतं. अंगावर सूज असलेली बाळंतीण "न्हाई जायची दवाखान्यात" म्हणून चौकटीला धरून बसली, तर मी तिची बोटं सोडवून तिला जीपमध्ये घातली आहे. सासवांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. असे ठोके चुकले की रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन बसू शकते, हे मला पाठ होतं. बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याच संध्याकाळी मी मुलाला फोन केला असता.

बाई पुण्याला गेल्या असत्या. म्हणून मी केला नाही.

अधूनमधून मी म्हणायची, "नगरला जाऊन येऊ." त्या म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात." त्यांनी पुढचा आठवडा म्हटलं की मला हायसं वाटायचं. ही गोष्ट मी आजवर कुणालाच इतक्या उघडपणे सांगितलेली नाही.

दिवाळीला बारा दिवस राहिले असताना सकाळी सहाला त्यांचं फाटक वाजलं नाही. सव्वासहा झाले. मी हाक मारली. स्वयंपाकघराचा दिवा लागलेला दिसत होता. मागच्या दाराला कडी नव्हती. आत गेले तर बाई स्वयंपाकाच्या ओट्याशी फरशीवर, एका कुशीवर. चालायला जायची साडी नेसलेली, एका पायात चप्पल. तोंड उजवीकडून ओघळलेलं. शुद्धीवर होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण त्यात शब्द नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की शब्द येत नाहीये हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. नगरला पोचेपर्यंत मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दुपारी मुलगा पुण्याहून आला. कपडे कामावरचेच, गळ्यात कार्ड तसंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं मला गाठलं.

"काकू, डॉक्टर म्हणतायत ठोके आधीपासून अनियमित असणार. तुम्ही तर दर सोमवारी तपासायचात ना? तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि आत गेला. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

तीन आठवड्यांनी तो बाईंना पुण्याला घेऊन गेला. उजवी बाजू लुळी पडली होती आणि एकच शब्द शिल्लक राहिला होता. "बरं." पाणी हवं का विचारलं तरी बरं, दुखतं का विचारलं तरी बरं. ज्या बाईनं पुढाऱ्याच्या नावावर वेलांटी दिली होती, तिच्या वाट्याला एवढंच.

सून मनानं चांगली. तिनं स्वतःहून फोन करून सांगितलं, "काकू, आई सकाळी अस्वस्थ असतात. दाराकडे बघतात. तुम्ही त्या वेळेला फोन कराल का? मी स्पीकरवर लावून त्यांच्याजवळ ठेवीन." मग मी फोन हातात धरून कालव्यावर जाऊ लागले आणि दिसेल ते सांगू लागले. आवर्तन सुटलंय बाई, पाणी गढूळ आहे. आज शनिवार, शनिशिंगणापूरच्या गाड्यांनी मनमाड रोड तुंबलाय, पलीकडे जाता येत नाही. पुलाजवळ नवा फ्लेक्स लागलाय, त्यात 'आधारस्तंभ'चा धा चुकलाय. तिकडून आवाज यायचा, "बरं." कधी नुसताच श्वास. दूधवाल्या मावशी एकदा फोनकडे तोंड करून ओरडल्या, "बाई, लवकर या वं. करमत न्हाई तुमच्याबिगर!" तिकडून सून म्हणाली, "काकू, आई रडतायत. उद्या बोलू."

जानेवारीत मी पुण्याला जाऊन आले. सून आम्हा दोघींना खोलीत सोडून चहा करायला गेली. बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. केस कापले होते. मी शेजारी बसले आणि बोटं आपोआप त्यांच्या मनगटावर गेली. त्यांनी डावा हात उलटा केला आणि माझा हात धरला.

मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

त्यांना समजलं होतं का? माफ केलं होतं का? की चहा घेता का विचारलं असतं तरी हेच ऐकायला मिळालं असतं? परतीच्या एसटीत शिरूरपर्यंत मी हाच विचार करत होते, आणि पुढे नगरपर्यंतही.

फेब्रुवारीत एके सकाळी फोन लागला, पण कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटलं, गावाला गेले असतील, पाहुणे असतील. पाचव्या दिवशी पुलावर बसून व्हॉट्सॲप उघडलं, तर मुलाच्या स्टेटसला बाईंचा फोटो होता. निवृत्तीच्या समारंभातला, अबोली रंगाच्या साडीतला. फोटोला हार, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तारीख. जाऊन चार दिवस झाले होते. ज्या सकाळी माझा फोन पहिल्यांदा उचलला गेला नाही, त्याच सकाळी त्या गेल्या होत्या.

मी घरी आले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सुतक पाळायचा मला अधिकार नव्हता. नात्यानं मी त्यांची कुणीच नव्हते. कॉलनीतल्या बायका एकमेकींकडे हळहळल्या, पण माझ्याकडे भेटायला म्हणून कुणी आलं नाही. शेजारणीसाठी कोण भेटायला येतं? ओले केस तसेच ठेवून मी दुपारपर्यंत न्हाणीच्या उंबऱ्यात बसून होते.

मार्च संपताना मुलगा घर रिकामं करायला आला. बाहेर टेम्पो उभा होता. त्यानं मला बोलावलं. "काकू, काही ठेवायचं असेल तर बघा." मला काही नको होतं. तो पुस्तकांच्या खोक्यावर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"तुम्हाला कळवायचं राहून गेलं," तो म्हणाला. "फोन वाजत होता तो दिसत होता मला. उचलून काय सांगू तेच सुचेना."

मी म्हणाले, "मलाही तुला एक सांगायचं राहिलंय." आणि मी सगळं सांगितलं. नाडी, डॉक्टरांचा कागद, बाईंनी धरलेला हात. व्हरांड्यात त्याला दिलेलं उत्तर खोटं होतं, हेही सांगितलं. "त्यांनी गळ घातली म्हणून नाही रे. त्या पुण्याला गेल्या असत्या तर मला कुणी उरलं नसतं. म्हणून."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण तो म्हणाला, "कागद सापडला होता मला. तिच्या पर्समध्ये, पहिल्याच दिवशी. त्यावर सोबत कोण आलं तेही लिहिलेलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मलाही तिचा आवाज फोनवर दमलेला वाटायचा. दोन महिने वाटत होता. तुम्ही आहात समोर, म्हणून मी यायचं पुढं ढकलत गेलो." त्यानं खोक्यातलं एक पुस्तक उचलून परत ठेवलं. "काकू, तुम्ही दोघी रोज काय बोलायचात एवढं? माझ्याशी ती दोन मिनिटांत फोन ठेवायची."

मी आठवून बघितलं. सहा वर्षं रोज बोललो होतो आणि सांगण्यासारखं काही सापडेना. भेंडी जून निघाली, दुधाला साय येत नाही, पाय दुखतात, अमुक शब्दाला उकार पहिला का दुसरा.

"काही नाही रे," मी म्हणाले. "असंच."

तो तोंडावर हात धरून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर टेम्पोवाला कपाट कसं उतरवायचं ते विचारत होता.

आता त्या घरात भाडेकरू आले आहेत. नवरा-बायको दोघं विद्यापीठात नोकरीला आहेत. माणसं चांगली आहेत, फाटकाला त्यांनी निळा रंग दिला आहे. मी अजून साडेपाचला उठते आणि साडी नेसते. पण कालव्याकडे जात नाही. एकदा गेले होते, तर पुलापर्यंत जाऊन परत वळताना लक्षात आलं की सगळी वाट मी मोठ्यानं बोलत आले होते आणि समोरून येणारी दोन माणसं बाजूला झाली होती.