पिकलची बहीण

माझी व्हर्लीन आत्या अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाली आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम तिनं काय केलं, तर स्वतःसाठी आणखी एक बस घेतली. मोटारघर म्हणायचं तिला. आत पलंग आहे, शेगडी आहे, न्हाणीघर आहे, फक्त न्हाणीघराचं दार उघडं असलं की शेगडीपाशी उभं राहता येत नाही. मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या नातवंडांनी चिकटवलेला एक निळा मासा आहे, तो कशानंच निघत नाही. या गाडीतून आत्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत दर शनिवार-रविवारी इंडियाना, ओहायो, केंटकी, इलिनॉय अशी कुत्र्यांच्या प्रदर्शनांना फिरते. प्रदर्शन म्हणायचं, पण ती असते स्पर्धा, आणि जिंकलं तर मिळते एक फीत.

"पाचशे मैल जाऊन-येऊन एक फीत आणते," तिचा नवरा, लॉयलकाका म्हणतो. "शिवणकामाच्या दुकानात वारावर मिळते की."

काका तिच्याबरोबर एकदाच गेला होता. कुत्र्याला दाखवायचं उकडलेलं काळीज हात मोकळे राहावेत म्हणून ही माणसं स्वतःच्या तोंडात धरून ठेवतात, हे त्यानं तिथं पाहिलं. त्यानंतर तो घरीच बरा.

आत्याची कुत्री पिकल. क्लंबर स्पॅनियल जातीची, पांढरी, बुटकी, जाड. बैठकीवरचा लोड उठून चालायला लागला तर कसा दिसेल, तशी. कागदोपत्री तिचं नाव अकरा शब्दांचं आहे आणि ते पूर्ण म्हणताना आत्याला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. अशी कुत्री सगळ्या देशात फार नाहीत, त्यामुळे पाळणारी माणसंही मोजकीच, आणि दर आठवड्याला त्यांनी एकमेकांचीच तोंडं पाहायची. त्या मोजक्या तोंडांतलं एक तोंड ग्लेनिस प्रुएटचं.

ग्लेनिस केंटकीची. नवऱ्याचा पोहण्याचे तलाव बांधायचा धंदा, आणि धंदा बरा चालत असावा, कारण तिचं मोटारघर चाळीस फुटी. बटण दाबलं की दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर सरकतात आणि आत दिवाणखाना होतो. पण आत्याचा जळफळाट मोटारघरावर नव्हता. म्हणजे होता, पण तो वरवरचा, तोंडी लावण्यापुरता. खरा होता डचेसवर. डचेस ही ग्लेनिसची कुत्री, आणि पिकलची सख्खी बहीण. एका वेतातली.

त्या वेतात दोनच मुली होत्या, आणि पहिली निवड होती आत्याची. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांना टेबलावर उभं करून पारखायची या लोकांची रीत आहे. पिकल टेबलावर टेबलासारखीच उभी राहिली. दुसरी बसली, आणि बसल्या जागी मुतली. आत्यानं पिकल उचलली. आठवड्यानं ग्लेनिस आली आणि उरलेली घेऊन गेली. वर्षभरात त्या मुतरीचं डोकं असं काही भरलं, छाती अशी उतरली, की परीक्षक तिच्याकडे वळून वळून पाहायला लागले. आत्यानं ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. फक्त मला सांगते, साधारण दर चाळीस मैलांनी.

मला ऐकावं लागलं, कारण त्या जूनमध्ये मी तिचा ड्रायव्हर होतो. तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरनं तीन आठवडे गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं. कुत्र्याचा पट्टा धरायचा नाही, असं तो म्हणाला नव्हता. म्हणजे आत्यानं विचारलंच नव्हतं.

"क्लेट, पुढचा सिग्नल पिवळा होणार."

"मला दिसतोय, आत्या."

"मला एका डोळ्यानं आधी दिसला. आणि तिचं डोकं तेव्हा लिंबाएवढं होतं, सांगते ना तुला. लिंबाएवढं. कुणाला कळणार?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुत्र्याला चॅम्पियन व्हायला गुण लागतात. साध्या जिंकण्याचे गुण सुटे-सुटे जमतात, पण दोन वेळा तरी मोठे गुण मिळवावे लागतात, आणि मोठे गुण मिळायला रिंगणात पुरेशी कुत्री हरवावी लागतात. आमच्या भागात त्या वर्षी क्लंबरच्या माद्या चार असल्या तर मोठे गुण. तीन असल्या तर नाही. म्हणून ही माणसं आठ-आठ दिवस आधी एकमेकांना फोन करतात, येतेस ना, नक्की ना, आपले चार व्हायला हवेत. ज्याला हरवायचं त्यालाच आग्रहाचं बोलावणं. आणि आल्यावर कुणी ऐनवेळी आपलं कुत्रं मागे घेतलं आणि चाराचे तीन झाले, तर त्याच्यासारखा पापी नाही. वर्षानुवर्षं नाव काढतात.

पिकलला आणि डचेसला, दोघींनाही, मोठे गुण आणखी एकदाच मिळवायचे राहिले होते. त्या आठवड्यात इलिनॉयमध्ये शनिवारी एक आणि रविवारी एक अशा दोन संधी होत्या. नोंदलेल्या माद्या बरोबर चार.

शुक्रवारी दुपारी आम्ही जत्रेच्या मैदानावर पोचलो. गोठ्यांच्या पलीकडे मोटारघरांची रांग लागली होती आणि आमची नेमून दिलेली जागा ग्लेनिसच्या शेजारी. तिची भिंत बाहेर सरकली की आमच्या खिडकीत फक्त ती भिंतच.

"व्हर्लीन, डोळा कसा आहे गं?" ग्लेनिस खुर्ची टाकून बसली होती. डचेस घडीच्या तारेच्या कुंपणात पंख्यासमोर पसरलेली.

"लख्ख. सगळं दिसतं आता. तुझ्या दाराला पोचा आलाय."

"तो मागच्या वर्षीचा."

"तेच म्हणते, आत्ता दिसला."

ग्लेनिस हसली. "पिकल छान दिसतेय. जरा उतरली का?"

"मोजून देते. तुमच्याकडे कसं, सढळ हात असतो."

आणि दोघी गोड हसल्या. आत आल्यावर आत्या म्हणाली, "उतरली म्हणे. ऐकलंस? बारीक म्हणाली ती माझ्या पोरीला."

शनिवारी सकाळी मी पिकलच्या पायांना मक्याचं पीठ चोळून पांढरं करत होतो, तेवढ्यात आत्या मैदानाकडून परत आली. शनिवारच्या परीक्षकाला ती दुसऱ्या जातीची कुत्री तपासताना पाहून आली होती. म्हातारा, कोरीव मिशीचा.

"डोकी बघतो तो," ती म्हणाली. "नुसती डोकी. एकेक डोकं दोन्ही हातांत धरतो, बाजारात कलिंगड घेतल्यासारखं."

डोक्याचा विषय निघाला की कोण जिंकणार हे पिकललासुद्धा माहीत होतं.

आत्या पायरीवर बसली. समोर ग्लेनिस डचेसचे कान विंचरत होती, हळूहळू, लाडानं, आणि काहीतरी गुणगुणत होती. आत्या बराच वेळ ते पाहत राहिली. मग तिनं पिकलचा पुढचा डावा पाय उचलला, बोटांच्या मध्ये पाहिलं, आणि म्हणाली, "लंगडतेय."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"आत्या, तू मागे घेतलीस तर तीन राहतात."

"मला मोजता येतं, क्लेट. छप्पन्न पोरं मोजून उतरवायचे मी रोज. लंगड्या जनावराला रिंगणात न्यायचं का? सांग. न्यायचं?"

रिंगणाच्या कडेला ती स्वतः गेली आणि नोंदवणाऱ्या बाईला सांगून आली. पाच मिनिटांत बातमी क्लंबरवाल्यांत फिरली. आयोवाहून सात तास गाडी हाणत आलेलं एक जोडपं होतं. नवरा आत्याला एवढंच म्हणाला, "वाईट झालं हं," आणि ते कुत्रीविषयी नव्हतं. म्हाताऱ्यानं कलिंगडं तपासली आणि डचेसला पहिली काढली. जिंकणाऱ्याची जांभळी फीत मिळाली, पण गुण मिळाले सुटे. मोठे गुण बुडाले.

दुपारी ग्लेनिस आमच्या दाराशी आली, हातात बटाट्याच्या सॅलडचा वाडगा. "पाय कसा आहे तिचा?"

"बराय. सूज नाही. हे बघ," म्हणत आत्यानं पिकलचा पाय उचलून दाखवला. उजवा.

मी सिंकमध्ये हात धुवायला लागलो. हात स्वच्छच होते. ग्लेनिसनं उजवा पाय नीट पाहिला, बोटानं दाबून पाहिला, "उद्यापर्यंत होईल बरी," म्हणाली आणि वाडगा ठेवून गेली.

सॅलड चांगलं होतं. आत्यानं खाल्लं नाही. मी खाल्लं म्हणून मलाही दोन शब्द ऐकावे लागले.

खरी तगमग पुढे होती. रविवारची परीक्षक एक उंच बाई होती, डोक्यांकडे ढुंकूनही न पाहणारी. ती बघते चाल. आणि चालीत पिकल डचेसला दहा वेळा बाजारात विकून येईल. डचेस चालली की मागून जड सामानाची हातगाडी येतेय असं वाटतं. म्हणजे हा दिवस पिकलचा. फक्त माद्या चार हव्यात. आणि आता ग्लेनिसनं नुसतं "हिचा पाय दुखतोय" म्हटलं, की झालं.

रविवारी सकाळी आत्या सहा वेळा पायरीवर येऊन गेली. ग्लेनिसचं दार बंद. कुंपण रिकामं. पंखा बंद.

"गेली वाटतं," मी म्हणालो.

"चाळीस फुटी गाडी टाकून चालत गेली का?" आत्या खेकसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी असते तर आले नसते. तीही येणार नाही. का यावं तिनं?"

अकराला बोलावणं होतं. आत्यानं दंडावर नंबर बांधला, तोंडात काळजाचा तुकडा धरला, आणि आम्ही गेलो. आयोवावालं जोडपं आपल्या मादीसह उभं होतं, त्यांच्याशेजारी मिशिगनहून आलेली एक मुलगी तिच्या मादीसह. आमची धरून तीन. नोंदवणाऱ्या बाईनं यादीवर पेन्सिल टेकवली आणि इकडेतिकडे पाहिलं. आत्याचा चेहरा पिकलच्या पायांना लावलेल्या पिठासारखा झाला होता.

गोठ्याच्या आडून ग्लेनिस आली, सावकाश, डचेसला नुकतीच आंघोळ घातलेली, चकचकीत. दंडावर नंबर बांधत बांधत रिंगणात शिरली. आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पिकल त्या दिवशी चालली. इतकंच सांगतो. मला कुत्र्यांतलं फार कळत नाही, पण लोड एवढा डौलात चालू शकतो हे मी आयुष्यात प्रथम पाहिलं. उंच बाईनं दोन फेऱ्या घेतल्या आणि बोट पिकलकडे केलं. पिकल चॅम्पियन झाली. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ऑपरेशनच्या आणि बिनऑपरेशनच्या, दोन्हींतून. आयोवावाल्यानंही हात मिळवला. ग्लेनिसनं गालाला गाल लावला आणि गेली.

अर्ध्या तासानं मी सामान आवरत होतो आणि आत्या पलंगावर बसून होती, मांडीवर जांभळी फीत.

"चांगुलपणातही तिनंच पहिला नंबर मारला," ती म्हणाली. "तेवढं तरी मला ठेवायचं होतं तिनं."

मग ती उठली आणि रिकामा वाडगा घेऊन ग्लेनिसच्या दाराशी गेली. मी मागोमाग गेलो, कारण असं काही चुकवायला मी मूर्ख नाही.

"पिकल लंगडत नव्हती," आत्या म्हणाली.

"माहीत आहे मला. सकाळी डावा, दुपारी उजवा." ग्लेनिसनं वाडगा घेतला. "धुतला नाहीस."

"मग आज आलीस कशाला? घरी बसायचंस. मला धडा मिळाला असता."

"तू काय समजतेस, तुझ्यासाठी आले?" ग्लेनिसचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुला हरवायला आले होते मी. त्या बाईसमोर, चालीवर. न येता कशी हरवणार तुला? दोन वर्षं झाली व्हर्लीन, मी त्या पिकलची चाल बघतेय आणि माझा जीव जळतोय. ही मला हवी होती. मी एक आठवडा उशिरा पोचले. पहिली निवड तुझी, आणि तू बरोबर तीच उचललीस. सगळ्यांना सांगत असशील."

"ती दुसरी मुतली म्हणून मी हिला..." एवढं म्हणून आत्या थांबली.

"आणि आता तू मोकळी," ग्लेनिस म्हणाली. "पिकल आता चॅम्पियनांच्यात उतरणार, ती मोजण्यात धरत नाहीत. पुढच्या महिन्यात केंटकीला आम्ही तीनच. मी चौथी कुठून आणू? जा आता. वाडगा मीच धुते."

परतीच्या वाटेवर आत्यानं एकही सिग्नल सांगितला नाही. इंडियानाची हद्द लागली तेव्हा स्वतःशीच म्हणाली, "जळते गं बाई. केवढी जळते." मी आरशात पाहिलं. इतकी प्रसन्न ती फीत मिळाल्यावरही नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात केंटकीचा अर्ज भरत होती. मला वाटलं पिकलचा. नाव होतं मेबलचं. मेबल म्हणजे तिची म्हातारी क्लंबर, नऊ वर्षांची, कधीच चॅम्पियन न झालेली, पाच वर्षांत दाराबाहेरच्या पायरीपलीकडे न गेलेली, त्या क्षणी फ्रिजसमोर आडवी.

"हिला नेणार?" लॉयलकाकानं विचारलं. "ही रिंगणात झोपेल."

"झोपू दे. उभी केली की मोजतात."

"म्हणजे ग्लेनिसचे चार भरावेत म्हणून तू अडीचशे मैल जाणार," मी म्हणालो. "आत्या, तू सुधारलीस."

"सुधारायला काय झालंय मला?" ती अर्जावरून मान वर न करता म्हणाली. "तिथला परीक्षक मी बघून ठेवलाय. त्याला चाल लागते. चौघी असतील तरच तिला मोठ्या गुणांची आशा लागेल, आणि आशा लागल्यावर हरली तर मजा. मी मेबलला धरून शेजारीच उभी असेन. आणि जिंकलीच..." तिनं पेन उचललं. "जिंकलीच तर माझ्या मेबलमुळे जिंकली, हे तिला जन्मभर माहीत असेल. क्लेट, मेबलला पायरीवरून उतरवून आण बरं. दोघं मिळून उचला. चालते का बघू."