अमुकच्या नावाखाली

नवरा गेल्यावर त्याचे पाट्या रंगवायचे ब्रश तिने हातात घेतले आणि बघता बघता सगळं गाव तिला पाटीवाली म्हणू लागलं. दुकान बुडायचं, मालक बदलायचा, पण तिची अक्षरं उन्हातान्हात टवटवीत राहायची.

दिवसभर लोकांची नावं रंगवणाऱ्या या बाईने स्वतःच्या चित्राखाली मात्र कधी स्वतःचं नाव घातलं नाही. ती, पालिकेच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर आणि बाजारातला शिंपी अशी तिघं मिळून चित्रं काढत आणि खाली एकच सही करत: ‘अमुक’. कल्पना मास्तरांची. कुठलं चित्र कुणाचं हे बाहेर सांगायचं नाही, आणि तिघांनी हो म्हटल्याशिवाय ते भिंतीवर चढवायचं नाही. ओळख पटू नये म्हणून ते एकमेकांची ढबही उचलत. शिंप्याच्या चित्रातले कपडे टाका न् टाका दिसेल असे असत. तीही तसे काढायला शिकली होती. “अमुकने आज काय दिवे लावले?” असं शिंपी विचारायचा आणि तिघंही हसायची.

मग नगराध्यक्षांनी हुकूम काढला. हाताने रंगवलेल्या पाट्या उतरवून सगळीकडे एकसारख्या छापील प्लास्टिकच्या पाट्या लावायच्या. तिची इतक्या वर्षांची अक्षरं हातगाडीवर ढीग करून नेली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, जरा थांबू. म्हणून तिने विचारलंच नाही. पहाटेच्या धुक्यात तिने पालिकेच्या भिंतीवर अध्यक्षांचं चित्र काढलं. अंगात कोट आणि चेहऱ्याच्या जागी कोरी प्लास्टिकची पाटी. आपला हात कळू नये म्हणून कोट शिंप्याच्या ढबीने काढला आणि खाली सही ठोकली: ‘अमुक’.

गाव पोट धरून हसलं. गर्दीत उभी राहून तीही हसली. पण चित्रकलेचे मास्तर म्हणून पहिला संशय त्यांच्यावर आला, शाळेत झडती झाली आणि त्यांच्या कपाटात अमुकच्या जुन्या चित्रांचे कागद सापडले. हा अमुक कोण, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, “मी.” आणखी कोण? “मीच.” मास्तरांची नोकरी गेली.

सगळं सांगून टाकायचं ठरवूनच ती त्यांच्याकडे गेली. मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, तिच्यापुढे चहा ठेवला. “तू तरी आलीस बाई.”

मास्तर म्हणाले, “कोट बघितलास ना? इतका हुबेहूब शिंप्याशिवाय कुणाला जमणार? आम्हाला न विचारता केलं त्याने.”

तिने चहा संपवला आणि काही न सांगताच उठली. कुणाचं ते सांगायचं नाही हा तर आपलाच नियम, अशी मनाची समजूत घालत ती घरी आली. कित्येक महिने ती त्या नियमाच्या आडोशाला बसून राहिली. शिंप्याचं दुकान टाळायला लांबच्या रस्त्याने जायची.

एक दिवस कळलं, शिंपी गाव सोडतोय. ती धावत गेली. तो शिलाई मशीन गोणपाटात बांधत होता.

“मास्तरांनी मला दारातून परत पाठवलं, ताई,” तो म्हणाला. “चित्र त्यांनी काढलं, अंगावरही त्यांनीच घेतलं. मग राग माझ्यावर का?”

“चित्र माझं आहे,” ती म्हणाली. “तो कोटही.”

त्याच्या हातातली सुतळी तशीच राहिली. तो एवढंच म्हणाला, “हे त्यांच्यासमोर बोल.”

ती त्याच्याबरोबर मास्तरांकडे गेली आणि बोलली. “नोकरीचं जाऊ दे,” मास्तर म्हणाले. “याच्याबद्दल मी काय काय मनात आणलं.” मग त्यांनी शिंप्यासाठी स्टूल पुढे ओढलं. तिला कुणी बस म्हटलं नाही.

“माझ्या हातचा चहा प्यायलीस तू,” वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पालिकेत जाऊनही तिने कबुली दिली. तिथल्या कारकुनाने जांभई दिली. अध्यक्ष बदलले होते, भिंत पांढरी केली होती आणि मास्तरांच्या जागी दुसरे मास्तर आले होते.

शिंपी गावातच राहिला. काही दिवसांनी धान्याच्या गोदामाच्या भिंतीवर अमुकचं नवं चित्र उमटलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती ते बघत उभी होती, तेवढ्यात मास्तर पिशवी घेऊन तिथून जाताना थांबले.

“निळा कसा वाटतो?” त्यांनी चित्राकडेच बघत विचारलं.

“जरा पातळ झालाय.”

“हं,” मास्तर म्हणाले आणि चालू लागले.