मावशींच्या पाटल्या आणि टॅक्सचा फॉर्म

मावशी गेल्या तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर मी होतो. रक्ताचं नातं काहीच नव्हतं. त्या नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स, एकट्याच राहायच्या, आणि आम्ही नवरा-बायको मिल्टन कीन्सहून त्यांच्याकडे हक्काने जेवायला जायचो. "तू कॉम्प्युटरवाला, तुला फॉर्म भरता येतील," एवढ्या योग्यतेवर त्यांनी माझं नाव घातलं. घर नागपूरच्या भाच्याला आणि दागिने तिथल्याच मुलींच्या वसतिगृहाला, अशी त्यांची इच्छा.

इन्हेरिटन्स टॅक्सचा फॉर्म भरायचा तर घरातल्या वस्तूंचीही किंमत लावावी लागते. आणि वस्तू तर घरात नव्हत्याच. मावशींच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या ओळखीतल्या बायकांनी आठवण म्हणून कुणी साडी, कुणी भांडं नेलं होतं. इडलीपात्र तर थेट ब्रॅकनेलला पोचलं होतं. मी तिथंच चहा देत फिरत होतो, पण मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मृत्युपत्राचं काम बघणाऱ्या सॉलिसिटरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळं परत मागवा.

मागवलं. रविवारी आमच्या हॉलमध्ये साड्यांचा ढीग लागला. किंमत करायला आलेल्या गृहस्थांनी सगळ्या साड्या मिळून शून्य लिहिलं आणि बायका खवळल्या. "प्युअर सिल्क आहे ती. त्याला काय डोंबल कळतंय?"

माझा जीव मात्र पाटल्यांत अडकला होता. त्या माझ्या बायकोच्या हातात होत्या. शेवटच्या आजारात, हॉस्पिटलच्या बेडवरून मावशींनी स्वतः तिला घातल्या होत्या. बायकोची आई ती लहान असतानाच गेली. तिचं डोहाळजेवण, बाळंतपण सगळं मावशींनी केलं. पण दागिने वसतिगृहाचे, आणि सोनं एक्झिक्युटरच्याच बायकोच्या हातात, हे चारचौघांत कसं दिसेल? मी काही बोलायच्या आत तिनं साबण लावून पाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"उचल त्या," मावशींच्या हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रीण, आमच्या काकू, म्हणाल्या. "माझ्यासमोर घातल्यात तिनं तुला. मी तसं स्टेटमेंट देते."

त्यांनी खरंच लिहून दिलं. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, जिवंतपणी दिलेली भेट आहे, तर पाटल्या हिच्याच. फक्त भेटींच्या पानावर दाखवा. माझा जीव भांड्यात पडला.

त्या पानावर भेट घेणारीचं मावशींशी नातं काय, ते लिहायचं होतं. बायको शेजारी बसली होती.

"मुलगी लिही ना," ती म्हणाली.

मी सॉलिसिटरबाईंना फोन लावला. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, कायद्यात तसं बसत नाही, 'फ्रेंड' लिहा. मी लिहिलं. बायकोनं ते वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

शेवटी, दिलेली सगळी माहिती खरी आहे, अशी सही करावी लागते. मी ती केली. अख्ख्या फॉर्ममध्ये तेवढा एकच शब्द खोटा होता.