बेटावरची हवा

आमच्या घरातल्या पुरुषांना विश्रांतीचं भारी वेड होतं. दमायचं एकीनं आणि विश्रांती घ्यायची दुसऱ्यानं, एवढाच काय तो घोटाळा. बाकी विश्रांतीवर बोलायला बसले की ऐकत राहावं.

त्यातले मुख्य म्हणजे माझे थोरले दीर. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर, पुढच्या बैठकीत त्यांची वकिली. अशील थोडे आणि बोलणं फार. एकदा कुणा अशिलाच्या खर्चानं ते पाचगणीला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना हवेतलं कळायला लागलं. सकाळी खिडकी उघडून नाकपुड्या फुगवून उभे राहायचे आणि म्हणायचे, आज हवा जड आहे. जड नसेल तर काय होईल, गिरणीच्या भोंग्यापाठोपाठ धूर यायचा तो सरळ आमच्याच आळीत. पण हे सांगणार कोण? वकिलाला कुणी काही सांगायचं नसतं, तेच सांगतात.

माझ्या जाऊबाई त्यांच्याहून पुष्कळ लहान होत्या. गोऱ्या, हडकुळ्या, बोलायला मृदू. त्यांना दोनदा दिवस राहून गेले होते. दुसऱ्या खेपेला अंगावरून इतकं गेलं की डॉक्टरांना बोलवावं लागलं. मी दाराआड उभी होते. डॉक्टरांनी भावजींना स्वच्छ सांगितलं, बाईच्या अंगात रक्त म्हणून नाही. जड उचलायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, अगदी पूर्ण विश्रांती. जमलं तर थोडा हवापालट. आणि पुन्हा असं झालं तर ती हाताला लागायची नाही. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द भावजींच्या कानात शिरला, तो म्हणजे हवा.

घरात विश्रांती मिळण्याची सोयच नव्हती. सोवळ्यानं पाणी भरायचं, सोवळ्यानं स्वयंपाक, पंगती उठवायच्या, उष्टी काढायची. सासूबाईंचे गुडघे धरलेले. उरलो आम्ही दोघी. मी कितीही म्हटलं की वहिनी तुम्ही पडा, तरी त्या पडल्या की कुणीतरी विचारायचंच, का हो, आज बरं नाही का? मग त्या उठायच्या. बरं नसणाऱ्या बाईनं बरं नाही म्हणायची आमच्यात रीत नव्हती.

तर भावजींनी हवापालट काढला. पाचगणी परवडत नव्हती, म्हणून हिप्परग्याचा तलाव. पावसाळ्यानंतर तलाव तुडुंब भरला की मधला एक उंचवटा सुटा पडायचा. त्याला ही मंडळी बेट म्हणायची. चार बाभळी, एक कडुनिंब, तलावाच्या कामाच्या वेळची एक पडीक दगडी खोली, झालं बेट. तीन दिवस तिथं राहायचं ठरलं, आणि का, तर घरातल्या आजारी माणसासाठी. हे त्यांनी कोर्टात सगळ्यांना सांगून टाकलं. लोक म्हणाले, बायकोची काय काळजी घेतात!

आजारी माणसाबरोबर कोण कोण निघालं ते ऐका. भावजी, आमचे हे, कोर्टातले एक शिरस्तेदार, हायस्कुलातले एक मास्तर. आणि एवढ्यांना रांधून घालायला आजारी माणूस आणि मी. सासूबाई देवासाठी मागं राहिल्या. सामानात सोवळ्याची लुगडी, पळ्या-पातेली, शेंगांची चटणी, कडक भाकऱ्यांची चळत, आणि पाटा-वरवंटा. हो, पाटा! बेटावर पुरणपोळी झाली पाहिजे असं शिरस्तेदारांचं म्हणणं पडलं. पुरणाशिवाय सहल ती कसली!

तलावावर होडी नव्हती. उसाचा रस आटवायची लोखंडी काहील पाण्यात सोडून एक कोळी माणसं नेआण करायचा. पाटा बघून तो म्हणाला, "दगुड हितंच ऱ्हाऊ द्या की मालक, काहील बसंल." भावजींनी त्याला तरंगणाऱ्या वस्तूंबद्दल शास्त्र सांगितलं. काहील अर्ध्यात गेली तसं पाणी काठावरून आत यायला लागलं आणि शास्त्र सांगणारे डोळे मिटून स्तोत्र म्हणू लागले. आम्ही दोघी ओंजळीनं पाणी उपसत होतो.

तिथं उतरल्याबरोबर पुरुषमंडळी हात मागं बांधून बेटाच्या कडेकडेनं फिरून आली. केवढं ते बेट, परत यायला वेळ कितीसा लागणार! आल्यावर मास्तर निसर्गावर बोलले, शिरस्तेदार भुकेवर बोलले. कोळ्याला भावजींनी निक्षून सांगून ठेवलं होतं की तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इकडं फिरकू नकोस, आम्हांला शांतता हवी आहे.

जाऊबाईंनी थंडीत तलावात बुडी मारली, ओलेत्यानं पाणी आणलं, तीन दगडांची चूल मांडली. ओली लाकडं. धूर असा की समोरचं दिसेना. मी कणीक तिंबत होते, त्या पुरण वाटत होत्या. वाटता वाटता त्या मधेच थांबून दम खायला लागल्या. मी वरवंटा ओढून घेतला तर म्हणाल्या, थोडंच राहिलंय. तिकडं झाडाखाली चाललं होतं की या हवेत भूक कशी सपाटून लागते! डोंबल तुमच्या भुकेचं. मला इतका संताप आला होता की पोळी लाटता लाटता मी दोनदा फाडली.

पंगत उठली. पुरुष पालथे पडून घोरायला लागले. जाऊबाई पाण्याच्या कडेला गेल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. परत आल्या त्या चुलीकडं आल्याच नाहीत. लांब कडुनिंबाखाली जाऊन बसल्या आणि तिथूनच मला म्हणाल्या, "अगं, शिवू नकोस. मला कावळा शिवला."

कावळा शिवला म्हणजे चूल बंद, पाणी बंद, चार दिवस एका बाजूला बसायचं. त्यांनीही कशाला शिवायचं नाही आणि त्यांनाही कुणी नाही. पण एका घरात राहणाऱ्या बायकांना एकमेकींचे दिवस पाठ असतात. मागच्याच आठवड्यात मी त्यांच्या डोक्यावर चौथ्या दिवसाचं पाणी घातलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. जन्मात खोटं बोलली नव्हती ती बाई, कानापर्यंत लाल झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मलाही कावळा शिवला. अडचणीत माणूस धीट होतो. आणि खरं सांगू? मला मजा वाटली.

पुरुषांची तोंडं बघायला हवी होती! परत जावं तर कोळी यायचा नाही, त्याला शांततेसाठी बजावून ठेवलेलं. आमच्या हातचं खावं तर धर्म बुडतो. आमचे हे डोकं खाजवत बसले. शिरस्तेदारांना घरची आठवण आली. शेवटी भावजींनी धोतर खोचलं आणि पिठल्याला हात घातला. पिठल्याच्या गुठळ्या झाल्या, भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, तसा सगळा दोष त्यांनी तलावाच्या पाण्याला दिला. आम्हांला वरून वाढायचे, अंगावर सावली पडू नये अशा बेतानं. आम्ही निंबाखाली पाय पसरून जेवायचो. करपलेला भातसुद्धा आयता मिळाला की किती गोड लागतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि जाऊबाई झोपल्या. दिवसा झोपल्या हो! सून म्हणून आल्यापासून त्या बाईनं दिवसा पाठ टेकली नसेल. उठल्या की पाण्याकडं बघत बसायच्या, पुन्हा झोपायच्या. शेवटच्या दिवशी भावजी फुंकणीनं चूल फुंकताना तोंडभर राख घेऊन उठले तेव्हा त्या पदरात तोंड खुपसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, नीट चार दिवस पुरे करा. बाहेरच्या खोलीत आमचं जेवण त्यांनी स्वतः आणलं, धरलेल्या गुडघ्यांनी. त्यांना कळलं होतं. पण आईनं वकील मुलाला हे सांगायचं कसं? तसल्या गोष्टी बायकांच्या बायकांत राहतात.

त्यानंतर जाऊबाईंच्या चेहऱ्यावर जरा टवटवी आली, हे खरं. आणि भावजींना तर नुसतं उधाण! ज्याला त्याला सांगत सुटले, बेटावरची हवा. औषध नाही, पाणी नाही, निव्वळ हवा. मास्तरांनी हवेवर एक भाषणसुद्धा ठोकलं. करपलेल्या भाताचा उल्लेख कुणीच केला नाही.

पुढच्या पावसाळ्यात जाऊबाईंना पुन्हा दिवस राहिले. मलाही राहिले होते, त्यांच्या तीन-चार महिने आधीचे, म्हणून मी बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी गेले. निघताना त्यांनी माझी ओटी भरली. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, विश्रांती. आणि भावजींना आता उपाय ठाऊकच होता की!

सासूबाईंनी पोटुशीनं पाणी ओलांडू नये म्हणून हात जोडले. भावजी हसले. म्हणाले, आई, या अडाणी समजुती सोड, मागच्या खेपेला गुण आला तो डोळ्यांनी पाहिलास ना? या वेळी मंडळी जास्त होती, शिरस्तेदारांचे मेहुणेही आले होते. बरोबर बाई एकटी, आणि पाटा होताच.

पोटुशी बाईला कावळा शिवत नाही. बसायला तेवढी एकच जागा होती तिला, तीही गेली. तीनही दिवस तिनं बुड्या मारून पाणी आणलं, धुरात बसून स्वयंपाक केला. हे मला आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं. मी विचारलं, तुम्हांला नाही का एक घागर उचलता आली? तर म्हणाले, वहिनी सोवळ्यात होत्या, मी कसा शिवणार? आणि त्या काही बोलल्याही नाहीत. असा हा माझा नवरा.

घरी परतल्या त्या रात्रीच त्यांना कळा सुरू झाल्या. मूल गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मला तान्ह्या मुलाला घेऊन येता आलं तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांचं सोवळ्याचं लुगडं कुणीतरी घडी करून ठेवलं होतं. मी ते पोटाशी धरून रडले, मोठ्यानं रडले, सासूबाईंनी मला रडू दिलं.

समाचाराला लोक येतच होते. एका संध्याकाळी बैठकीत तीच मंडळी बसली होती, शिरस्तेदार, मास्तर आणि आमचे हे. मी चहा घेऊन गेले. भावजी सुस्कारा टाकून सांगत होते की मी काही कमी केलं नाही, पण यंदा बेटावरची हवाच बरोबर नव्हती, दमट होती. मास्तर मान हलवत होते.

थोरल्या दिरांशी मी तोवर चार शब्द बोलले नव्हते, परक्या माणसांसमोर तर नाहीच. मी चहाचं ताट खाली ठेवलं.

"भावजी, मागच्या वर्षी वहिनींना कावळा शिवलाच नव्हता. मलाही नाही. चार दिवस त्यांना कुणी कामाला लावू नये म्हणून खोटं सांगितलं होतं."

मास्तरांनी ताटातला कप उचलला. आमचे हे खाकरले आणि लाजेनं लाल झाले. लाज वाटली ती मी हा विषय पुरुषांत काढल्याची. भावजी रागावले नाहीत. साक्षीदाराचं बोलणं ऐकतात तसं त्यांनी डोळे बारीक करून नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला, आणि अगदी मनापासून मला विचारलं, "असं होय? मग ती बरी झाली ती कशानं?"