पल्लवीचे अकरा फोटो

स्क्रीनवर पान उघडलं. मजकूर दिसला, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन होते. अकराच्या अकरा.

लोणावळ्याच्या एका शाळेत प्रोजेक्ट स्पर्धा होती. परीक्षकांसमोर आमची पल्लवी उभी होती. नववीतली, जवळच्याच औंढे गावची. मी तिचा कॉम्प्युटरचा शिक्षक. खरं तर मी गणिताचा. शाळेत लॅब आली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हीच बघा," म्हणून बघत होतो. साधी वेबसाइट कशी बनवायची हे मी तिच्याबरोबरच शिकलो. ती माझ्याआधी शिकली.

तिचा विषय होता गावची भातशेती. राब भाजण्यापासून, म्हणजे रोपं करायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा जाळण्यापासून, ते झोडणीपर्यंत. वडिलांच्या मोबाइलवर तिनं हंगामभर फोटो काढले होते. पहिल्या नंबराला पुण्यातलं सुट्टीतलं कॉम्प्युटर शिबिर मिळणार होतं. वडिलांनी सांगितलं होतं, निवड झाली तर जा, नाहीतर आईबरोबर मळवलीला बंगल्यावर कामाला.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. वेबसाइटच्या पानात फोटो नसतो. फोटो कुठे ठेवलाय, तो पत्ता असतो. आमच्या लॅबला इंटरनेट नव्हतं, त्यामुळे साइट पेनड्राइव्हवरून न्यायची होती. पान एकटंच नेलं तर फोटो मागे राहतात.

आदल्या दिवशी मी कॉपी करत होतो. पल्लवी म्हणाली, "सर, फोटूचं फोल्डर येगळं हाय. ते बी घ्या."

"मला शिकवतेस का गं?"

मी पानाची फाइल तेवढी घेतली. उघडूनही पाहिली नाही.

"फोटो कुठे आहेत?" परीक्षकांनी विचारलं.

मला क्षणात कळलं. पण आमचे मुख्याध्यापक मागेच उभे होते. मी म्हणालो, "मुलीनं पत्ते चुकवलेले दिसतात. नवीन आहे."

"तपासले नव्हतेस का गं?" परीक्षकांनी तिला विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाई सर," ती म्हणाली.

त्याच दिवशी दुसऱ्या एका शाळेचे सर पेनड्राइव्ह घरी विसरून आले होते. त्यांनी तसं सांगितलं. परीक्षकांनी त्यांना दुपारपर्यंत वेळ दिला. आम्हालाही दिला असता. पण मी परीक्षकांना सांगितलं त्याप्रमाणे तर आमचं कामच चुकलेलं होतं.

पल्लवीचा नंबर आला नाही. सुट्टीत ती मळवलीला गेली. दहावीत तिनं लॅबचं तोंड पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं टाळाटाळ करून, शेवटी यंदा मी मळवलीला गेलो. तो बंगला आता तीच सांभाळते. तिनं खुर्ची पुसून दिली. मी सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी लॅबमधी तुमचा पेनड्राइव मीच उघडून बगितलता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सर व्हता. माजं कोण ऐकणार व्हतं?"

मी माफी मागितली. ती जरा हसली. "आता हितं मला एकटीला सांगून काय उपेग, सर? तवा चार लोकांत बोललावता की. च्या प्या, गार व्हतोय."

घरी येऊन मी जुन्या मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, जुनं कशाला उकरताय? तुमचंच नाव खराब होईल." शाळेच्या त्या वर्षीच्या अहवालात लिहिलेलं आहे, 'विद्यार्थिनीच्या चुकीमुळे क्रमांक हुकला.' ते वाक्यही माझंच. अहवाल मीच लिहायचो.

म्हणून आता चार लोकांत लिहितो. पल्लवीनं टाकलेले अकराही पत्ते बरोबर होते. फोटो मी मागे ठेवले, आणि तिनं घ्यायला सांगितल्यावरही ठेवले.

पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी वाचवली.