गाळाची नळी आणि बहिणीचा तंबू

मंडळी, भूमच्या घरात बसून लिहितोय, पण जीव लडाखमध्ये अडकलाय.

धाकटी बहीण तिथल्या एका तळ्याचा गाळ तपासायला गेलीय. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तळ्याच्या तळात खुपसून काढलेली, गाळानं भरलेली नळी आईला दाखवत म्हणाली, "ह्या बारीक रेघा म्हणजे शांत वर्षं. हा गोटे मिसळलेला चिखल म्हणजे डोंगरावरचा बर्फ इथवर सरकत आला होता. मागं हटताना दगडांचा बांध टाकून गेला, त्याच्यामागं पाणी साठलं."

"आन् वर ही एवढी वाळू?" आईनं विचारलं.

"तो बांध फुटला, तेव्हाची."

"आन् आत्ता?"

"आत्ता वर डोंगरात नवा बांध हाय की, त्याच्यामागंबी पाणी साठलंय."

"तुझा तंबू कुठंय?"

तिनं फोन फिरवून दाखवला. "वाळूवरच. दुसरीकडं सपाट जागाच न्हाय गं."

आमच्याकडं कोरड्या ओढ्यातसुद्धा कुणी जनावर बांधत न्हाय. आई ओरडली, "आधी तंबू हलीव!" तेवढ्यात रेंज गेली. तेव्हापासून फोन लागेना.

मी म्हणालो, "आई, असं शेकडो वर्षांतून एकदाच होतं."

आई म्हणाली, "झालेलं गाळात दिसतं. व्हायचंय ते दिसतं का रे?"

मी परत फोन लावतोय.